लोअर परळचे निवासी मनोरे: ही उंची नेमकी येते कुठून?

रेखाकार

दादरच्या टिळक पुलावर उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, तर एके काळी गिरण्यांच्या चिमण्या मोजता येत असत. आता त्याच दिशेला निवासी मनोरे मोजावे लागतात आणि मजले मोजताना हमखास चुकतात. त्यांतला सर्वांत ठळक म्हणजे श्रीनिवास मिलच्या जागेवरचा 'वर्ल्ड वन'. उंची २८० मीटर, मजले ७६. न्यूयॉर्कच्या पेई कॉब फ्रीड अँड पार्टनर्स या संस्थेने त्याचा आराखडा केला आणि सांगाड्याचे काम लेस्ली रॉबर्टसन यांच्या संस्थेकडे होते. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुन्या जोडमनोऱ्यांचा सांगाडा रचणारे तेच हे रॉबर्टसन. मूळ बेत ४४२ मीटरचा होता. विमानतळ प्राधिकरणाकडून त्या उंचीला परवानगी मिळाली नाही आणि मनोरा २८० मीटरवर थांबला.

अशा घरांच्या आतल्या थाटाबद्दल वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांतून भरपूर छापून येते, त्यामुळे ते येथे सोडून देतो. मी तीस वर्षे वास्तुविशारदांच्या कार्यालयांत नकाशे काढले आणि त्याहून जास्त वेळ महापालिकेला सादर करायचे क्षेत्रफळाचे तक्ते भरण्यात घालवला. त्यावरून माझे असे मत झाले आहे की निवासी मनोऱ्याची उंची अभियंत्याच्या टेबलावर पोहोचण्याच्या कितीतरी आधी त्या तक्त्यात ठरलेली असते. काँक्रीट, पोलाद आणि वारा यांची पाळी नंतर येते.

चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे आपण सगळे ज्याला एफएसआय म्हणतो ते भूखंडाच्या क्षेत्रफळाशी अनुज्ञेय बांधकामाचे प्रमाण, मुंबईत १९६४ च्या नियमावलीने आले. १९९१ च्या नियमावलीत शहर विभागासाठी, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, ते १.३३ होते. साधा हिशेब करून पाहू. एक हजार चौरस मीटरच्या भूखंडावर १,३३० चौरस मीटर बांधकाम मिळते, आणि एका मजल्यावर पाचशे चौरस मीटर बांधले तर तिसरा मजला पुरा होण्याआधीच ते संपते. गिरणीची जागा मात्र एकसंध असते. सतरा एकर धरले तर सुमारे ६९ हजार चौरस मीटर भरतात, त्याला १.३३ ने गुणले की ९१ हजारांच्या वर बांधकाम निघते, आणि हजार चौरस मीटरचा एक मजला धरला तर एकावर एक रचलेले ९१ मजले होतात. हा हिशेब केवळ समजण्यापुरता आहे, कारण प्रत्यक्षात महापालिकेला आणि म्हाडाला द्यायची वाटणीची जमीन, मैदाने, रस्ते असे पुष्कळ काही वजा होते. पण मोठी जागा आणि लहान मजला यांच्या गुणोत्तरातून उंची कशी निघते ते त्यातून दिसावे.

याखेरीज न मोजल्या जाणाऱ्या जागा असतात. वाहनतळाचे मजले, ज्यांना पोडियम म्हणतात, ते ठरावीक मर्यादेत निर्देशांकाबाहेर राहतात. जिने आणि लिफ्ट यांच्या जागेला अधिमूल्य, म्हणजे प्रीमियम, भरून सूट मिळवता येत असे. सर्वांत गमतीचा प्रकार फुलझाडांच्या कप्प्यांचा होता. नकाशात खिडकीबाहेर 'फ्लॉवर बेड' दाखवायचा, तो निर्देशांकातून सुटायचा, भोगवटा प्रमाणपत्र हाती पडले की मधली भिंत काढून तो खोलीत घ्यायचा, आणि ग्राहकाला त्याचेही पैसे लावायचे, अशी ती रीत होती. मी स्वतः असे शेकडो कप्पे काढले आहेत. त्यांतल्या एकात तरी कधी तुळस लागली असेल असे मला वाटत नाही. जानेवारी २०१२ मध्ये नियम बदलले, हे कप्पे आणि बाल्कन्या निर्देशांकात मोजल्या जाऊ लागल्या, आणि त्याऐवजी निवासी बांधकामाला अधिमूल्य घेऊन ३५ टक्क्यांपर्यंत 'फंजिबल', म्हणजे हवा तसा वापरता येणारा जादा, निर्देशांक देण्यात आला. त्यानंतर नकाशांतली फुले एका रात्रीत नाहीशी झाली.

या विषयात प्रत्यक्ष काम केलेल्या किंवा अशा इमारतीत राहिलेल्या सदस्यांनी भर घालावी, अशी विनंती आहे.

सावली

काका, लेख आवडला, परंतु एक शंका राहते. बांधकामाचे एकूण क्षेत्रफळ ठरलेलेच असेल, तर ते वीस-वीस मजल्यांच्या चार इमारतींतही बसू शकते. वीस मजल्यांच्या इमारतीला प्रति चौरस फूट खर्चही कमी येत असणार. मग एवढे वर जाण्याचा खटाटोप कशासाठी?

रेखाकार

सावली, तुमची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर विक्रीच्या दरपत्रकात आहे. त्यात 'फ्लोअर राइज' नावाचा एक स्तंभ असतो. ठरावीक मजल्याच्या वर प्रत्येक मजल्यामागे प्रति चौरस फूट अमुक इतके रुपये वाढत जातात, आणि ती वाढ मोठ्या घराच्या क्षेत्रफळाशी गुणली की एकाच नकाशाच्या दोन घरांच्या किमतींत कोट्यवधींचा फरक पडतो. लोअर परळ समुद्राला लागून नाही. मधल्या इमारतींच्या डोक्यावरून वरळीचा समुद्र दिसू लागण्यासाठी बरेच वर जावे लागते. वीस मजल्यांच्या चार इमारतींत समुद्र दिसणारी घरे मूठभर निघतील, एका उंच मनोऱ्यात ती बहुसंख्य होतात.

आणखी एक बारकावा सांगतो. २८० मीटरला ७६ ने भागले तर एका मजल्याला जवळजवळ ३.७ मीटर येतात. साध्या इमारतीत हाच आकडा तीनच्या आसपास असतो. म्हणजे छत उंच ठेवल्यानेही मनोरा वर सरकतो, आणि निर्देशांक क्षेत्रफळ मोजतो, घनफळ मोजत नाही.

करीरोडकर

रेखाकार यांनी 'गिरणीची जागा एकसंध असते' असे एका वाक्यात सांगून पुढचा हिशेब मांडला. माझ्या मते सगळी गोष्ट त्या वाक्यातच आहे, म्हणून जरा मागे जातो.

मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली ताडदेवला काढली. पुढे परळ, लालबाग, वरळी, भायखळा या पट्ट्यात जी गिरण्यांची दाटी झाली तिला आपण गिरणगाव म्हणतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. माझे वडील त्यांतले एक. संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही, त्यामुळे आमच्या चाळीत अजूनही एखादा म्हातारा आपण 'संपावर आहोत' असे म्हणतो आणि कोणी हसत नाही.

जमिनीचे पुढे काय करायचे याचा नियम १९९१ च्या नियमावलीत आला. त्याचा क्रमांक ५८. गिरणीच्या जमिनीचा विकास करायचा झाल्यास ढोबळमानाने एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी ती वाटणी होती. १९९६ मध्ये राज्य सरकारने वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला आणि सगळ्या गिरण्यांच्या जागांचा एकत्र विचार करावा, सुटी-सुटी तुकडेजोड करू नये, असा त्याचा आग्रह होता. तसे झाले नाही. २००१ मध्ये नियमात बदल झाला आणि वाटणी संपूर्ण जमिनीऐवजी केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या भागाला लागू झाली. गिरणीच्या शेडखाली जी जमीन होती ती वाटणीतून बाहेर पडली, आणि शेड तर जवळजवळ सगळ्या जागेवर असत. या बदलाला न्यायालयात आव्हान दिले गेले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००१ चा बदल कायम ठेवला. मधल्या काळात, २००५ मध्ये, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या पाच गिरण्यांच्या जागा विकल्या गेल्या; त्यांतली एकटी मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटी रुपयांना गेली.

तेव्हा काका, तुमच्या गुणाकारातले ६९ हजार चौरस मीटर हे निसर्गाने दिलेले नाहीत. नियमातल्या एका शब्दाचा अर्थ बदलला म्हणून भूखंड मोठा राहिला आणि भूखंड मोठा राहिला म्हणून मनोरा उंच झाला. तुमचा मुद्दा मला मान्य आहे. मी फक्त त्याचे मूळ दाखवतो आहे.

बोजा-वारा

मी सांगाडा-अभियंता आहे आणि या धाग्याचा सूर मला थोडा एकांगी वाटतो. तक्त्यात ९१ मजले निघाले म्हणून ९१ मजले उभे राहत नाहीत.

मुंबई भूकंपाच्या दृष्टीने तिसऱ्या क्षेत्रात येते. परंतु दोनशे मीटरच्या पुढे बहुतेक वेळा भूकंपाआधी वारा निर्णय देतो. वाऱ्याच्या भारतीय मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. उंच इमारतीचा एक ढोबळ नियम आम्ही तोंडी वापरतो: ४६ ला उंचीच्या मीटरांनी भागले की तिच्या डोलण्याची वारंवारता मिळते. २८० मीटरसाठी ते गणित केले तर इमारत एका बाजूकडून दुसरीकडे जाऊन परत यायला सुमारे सहा सेकंद घेते. ही डोलण्याची क्रिया सुरक्षित असते, पण माणसाच्या पोटाला ती कळते. म्हणून २०१७ साली आलेल्या आयएस १६७०० या उंच काँक्रीट इमारतींच्या मानकात दोन वेगळ्या मर्यादा आहेत. एक सांगाड्यासाठी, की वाऱ्याने वरचे टोक उंचीच्या पाचशेव्या भागापेक्षा जास्त सरकू नये. २८० मीटरला ते ५६ सेंटीमीटर होते. दुसरी मर्यादा माणसासाठी असून निवासी इमारतीत वरच्या मजल्यावरचा प्रवेग ०.१५ मीटर प्रति वर्ग सेकंदाच्या आत असावा, असे ती सांगते. कार्यालयांना ०.२५ चालतो. कारण उघड आहे, कार्यालयात माणूस झोपत नाही. निदान तशी अपेक्षा असते.

या मानकाची व्याप्ती ५० मीटरपासून २५० मीटरपर्यंतच आहे. त्यापुढच्या इमारतीला मानकाचे सरळ बोट धरता येत नाही. वाऱ्याच्या बोगद्यात प्रतिकृती ठेवून चाचण्या कराव्या लागतात आणि तज्ज्ञांकडून स्वतंत्र तपासणी करून घ्यावी लागते. त्या चाचणीत इमारतीचा आकार बदलतो, कोपरे गोल होतात किंवा कापले जातात, कारण धारदार कोपऱ्यावरून सुटणारे भोवरे इमारतीला वाऱ्याच्या आडव्या दिशेने हलवतात. तैपेईच्या १०१ मजली मनोऱ्याचे कोपरे खाचदार केल्याने वाऱ्याचा भार सुमारे चौथ्या हिश्श्याने उतरला, हे आमच्या अभ्यासक्रमातले नेहमीचे उदाहरण आहे.

दुसरी गोष्ट पोटातल्या गाभ्याची. लिफ्ट, जिने आणि नळांचे चर यांच्या भोवती काँक्रीटच्या जाड भिंतींचा जो कोअर असतो तोच इमारतीचा कणा होय. मनोरा जितका उंच तितक्या लिफ्ट जास्त, तितका कोअर मोठा, आणि तितकी विकता येणारी जागा कमी. एका टप्प्यानंतर नवा मजला आपलीच जागा खाऊ लागतो. तुमच्या दरपत्रकातला फ्लोअर राइज त्या नुकसानीपेक्षा जास्त असेल तोवरच विकासक वर जातो. म्हणजे अभियंत्याचेही गणित त्यात आहे, केवळ तक्त्याचे नव्हे.

क्वीन्सकर

मी गेली चौदा वर्षे न्यूयॉर्कमध्ये आहे आणि माझ्या रोजच्या रेल्वेतून मॅनहॅटनची जी आकाशरेषा दिसते तिच्यात '४३२ पार्क ॲव्हेन्यू' डोळ्यांत भरते. त्यामुळे करीरोडकर आणि बोजा-वारा या दोघांच्या म्हणण्याला जोडून थोडे लिहितो.

ही इमारत २०१५ मध्ये पूर्ण झाली. उंची ४२६ मीटर. पायथा चौरस, प्रत्येक बाजू ९३ फुटांची. म्हणजे रुंदी आणि उंची यांचे प्रमाण एकास पंधरा पडते. राफाएल विन्योली यांचा आराखडा, आणि प्रत्येक भिंतीत एकाच मापाच्या दहा फूट बाय दहा फूट खिडक्यांची जाळी. इतकी बारीक इमारत वाऱ्यात उभी राहावी म्हणून दर बारा मजल्यांनंतर दोन मजल्यांइतकी जागा पूर्ण मोकळी सोडली आहे, जिच्यातून वारा आरपार जातो. शिवाय वरच्या भागात डोलणे शमवणारी प्रचंड वजने टांगलेली आहेत.

आता रेखाकार यांच्या मुद्द्याकडे येतो. न्यूयॉर्कच्या नियमांत यंत्रसामग्रीचे मजले क्षेत्रफळात मोजले जात नसत आणि त्यांच्या उंचीला मर्यादा नव्हती. त्यामुळे विकासक पोटात उंचच उंच रिकामे मजले ठेवून विकायची घरे आणखी वर ढकलू लागले. २०१९ मध्ये शहराने नियम बदलला आणि २५ फुटांपेक्षा उंच असा यांत्रिक पोकळीचा मजला क्षेत्रफळात धरला जाऊ लागला. तुमचे फुलझाडांचे कप्पे आणि आमच्याकडची ही पोकळी यांची जातकुळी एकच म्हणायची. शेजारच्या लहान इमारतींचे न वापरलेले बांधकामाचे हक्क विकत घेऊन ते आपल्या भूखंडावर चढवायची पद्धतही येथे जुनी आहे. मॅनहॅटनमधले सुईसारखे मनोरे बरेचसे अशा गोळा केलेल्या हक्कांवर उभे आहेत.

२०२१ मध्ये याच इमारतीच्या रहिवाशांच्या मंडळाने विकासकांविरुद्ध साडेबारा कोटी डॉलरचा दावा लावला. रचना आणि बांधकामात पंधराशेहून अधिक दोष आहेत, पाणी गळते, लिफ्ट बंद पडतात, वाऱ्यात आवाज होतात, असे त्या दाव्यात म्हटले होते. विकासकांनी अर्थातच ते आरोप नाकारले. जगातल्या अतिश्रीमंतांची सोसायटीही शेवटी गळतीवरून भांडते, हे वाचून मला गोरेगावातल्या आमच्या जुन्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली.

एक्केचाळिसावा

मी या धाग्यावर प्रथमच लिहीत आहे. मध्य मुंबईतल्या एका उंच इमारतीत एक्केचाळिसाव्या मजल्यावर आम्ही चार वर्षे भाड्याने राहत आहोत. घर कंपनीचे आहे, आमच्या ऐपतीचे नव्हे. इमारतीचे नाव देत नाही.

येथे राहायला आल्यावर मला पहिल्यांदा समजले की आपल्या नळाला पाणी देण्यापेक्षा पाण्याचा जोर मोडणे हे मोठे काम आहे. दर दहा मीटर उंचीमागे पाण्याचा दाब चौरस सेंटीमीटरला एक किलोने वाढतो. गच्चीवरच्या टाकीतून सरळ नळ खाली सोडला तर अडीचशे मीटर खालच्या घरात पंचवीस किलोचा दाब येईल आणि नळाची चकती उडून जाईल. म्हणून मध्ये-मध्ये टाक्या आणि दाब कमी करणाऱ्या झडपा बसवलेल्या असतात. आमच्या टप्प्यातली झडप एकदा बिघडली, तेव्हा एका दुपारी चार घरांतल्या न्हाणीघरांच्या जोडनळ्या एकामागोमाग फुटल्या आणि पाणी लिफ्टच्या खड्ड्यापर्यंत गेले. आठ दिवस एक लिफ्ट बंद होती. दुरुस्तीचा माणूस मला म्हणाला, "मॅडम, खालच्या बिल्डिंगमध्ये पाणी येत नाही म्हणून बोलावतात, इथे जास्त येतं म्हणून."

कपडे वाळत घालण्याचा प्रश्नही सांगण्यासारखा आहे. बाहेर दोरी बांधायला सोसायटीची मनाई आहे आणि ती योग्यच आहे, कारण येथून उडालेला टॉवेल कोठे पडेल सांगता येत नाही. परिणामी भर उन्हाळ्यात, दिवसभर ऊन असलेल्या काचेच्या आत, विजेच्या यंत्रात कपडे वाळतात. सासूबाई आल्या की त्यांना हे पटत नाही.

मेंटेनन्स चौरस फुटावर आकारला जातो आणि तो आमच्या पूर्वीच्या घराच्या भाड्याच्या जवळ जातो, एवढेच सांगते.

जिना-मोकळा

अग्निसुरक्षेच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून एका मुद्द्यावर सविस्तर लिहितो, कारण घर घेताना याबद्दल कोणी विचारत नाही.

मुंबई अग्निशमन दलाकडची सर्वांत उंच शिडी ९० मीटरपर्यंत पोहोचते. २८० मीटरच्या मनोऱ्याचा दोन तृतीयांश भाग तिच्या वर असतो, आणि ९० मीटरच्या खालीही शिडीचे वाहन इमारतीला भिडू शकले तरच उपयोग; पोडियम बाहेर आलेला असेल तर ते भिडत नाही. म्हणून अशा इमारतीत सुटकेची सगळी व्यवस्था आतच असावी लागते. पहिले आश्रयक्षेत्र, म्हणजे आगीच्या वेळी रहिवाशांनी थांबायची सुरक्षित जागा, ज्याला सगळे रेफ्यूज एरिया म्हणतात, २४ मीटरच्या पुढे आणि त्यानंतर दर सात मजल्यांनी असते. ७० मीटरपेक्षा उंच इमारतीत दर ७० मीटरला एक संपूर्ण मजला आग अडवण्यासाठी राखावा लागतो. जिन्यात पंख्याने हवेचा दाब थोडा जास्त ठेवतात, जेणेकरून दार उघडले तरी धूर आत शिरण्याऐवजी बाहेर ढकलला जावा. हे सगळे एका अटीवर चालते: जिन्याची दारे आपोआप बंद व्हायला हवीत. मी तपासणीला गेलेल्या इमारतींत त्या दाराला कोठे चपलांचे कपाट लावलेले, कोठे लाकडी पाचर मारलेली, तर कोठे दूधवाल्याच्या सोयीसाठी दोरीने बांधलेले दार पाहिले आहे. एका ठिकाणी रेफ्यूज एरियात चक्क टेबल टेनिसचे टेबल होते आणि ते हलवा म्हटल्यावर मुलांपेक्षा वडीलधारी मंडळी जास्त रागावली.

२२ ऑक्टोबर २०२१ रोजी करी रोडला साठाहून अधिक मजल्यांच्या एका निवासी इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. त्या मजल्यावरून खाली पडून इमारतीच्याच एका सुरक्षारक्षकाचा मृत्यू झाला. बाल्कनीच्या कठड्याला लोंबकळणाऱ्या त्या माणसाची चित्रफीत पुष्कळांनी पाहिली असेल. एकोणिसावा मजला शिडीच्या टप्प्यातला आहे, हे येथे मुद्दाम नोंदवतो.

रेखाकार यांच्या तक्त्याशी याचा संबंध असा, की आश्रयक्षेत्र ठरावीक मर्यादेपर्यंत निर्देशांकात धरले जात नाही. जी जागा मोजली जात नाही तिच्यावर नजर जाते, आणि म्हणून मुंबईत आश्रयक्षेत्र किती मोठे असावे यावरही न्यायालयापर्यंत वाद गेले आहेत.

सावली

इतक्या माहितीबद्दल सर्वांचे आभार. करीरोडकर यांनी चार्ल्स कोरिया यांचा उल्लेख केला. त्यांनी स्वतःच श्रीमंतांसाठी एक उंच इमारत बांधली होती ना? मग गिरण्यांच्या अभ्यासगटावर त्यांनी मनोऱ्यांना विरोध करणे विसंगत नव्हते का?

रेखाकार

सावली, ती इमारत म्हणजे कंबाला हिलवरची 'कांचनजंगा', आणि तुमच्या प्रश्नामुळे मला आवडत्या विषयावर लिहायची संधी मिळाली. अभ्यासगटाचा आक्षेप उंचीवर नव्हता, तर जमिनीचा एकत्रित विचार न करता भूखंडागणिक परवानग्या देण्यावर होता, हे आधी स्पष्ट करतो.

कांचनजंगा १९८३ मध्ये पूर्ण झाली. २८ मजले, सुमारे ८४ मीटर उंची आणि २१ मीटर बाजूचा चौरस. म्हणजे प्रमाण एकास चार. एवढ्या इमारतीत घरे फक्त बत्तीस. तिचे बुद्धिवैभव कोपऱ्यांत आहे. मुंबईत वारा पश्चिमेकडून येतो आणि समुद्रही तिकडेच दिसतो, पण तिकडूनच दुपारचे तापलेले ऊन आणि पावसाची झड येते. जुन्या बंगल्यांनी यावर खोलीभोवती व्हरांडा ओढून उपाय केला होता. कोरिया यांनी तोच व्हरांडा उचलून वर नेला: प्रत्येक घराच्या कोपऱ्यात दोन मजली उंचीची खोल गच्ची कोरली, आणि मागच्या खोल्या तिच्या सावलीत ठेवल्या. पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही बाजू घराला मिळत असल्यामुळे वारा घरातून आरपार वाहतो. मी शिकाऊ असताना आमच्या साहेबांनी तिचा छेद मला शाईने उतरवायला लावला होता. घरे एकमेकांत अडकवलेली असल्याने कोणता जिना कोणाचा हे समजायला दोन दिवस गेले आणि एक ट्रेसिंग कागद वाया गेला.

आता बोजा-वारा यांना उत्तर देतो. तुमचा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. वरच्या दीडशे मीटरवर वाऱ्याचे राज्य असते, हे खरे आहे. परंतु वर्ल्ड वन ४४२ ऐवजी २८० वर थांबला तो वाऱ्यामुळे नव्हे, कोअरमुळेही नव्हे, तर विमानांच्या मार्गाच्या नियमामुळे. ताडदेवला २०१० मध्ये पूर्ण झालेले इम्पीरियल मनोरे पाहा. ते हफीज कॉन्ट्रॅक्टर यांच्या आराखड्याचे आहेत, आणि त्या जागेवर झोपडपट्टी होती. झोपडपट्टीवासीयांना तेथेच घरे बांधून दिल्यावर विक्रीसाठी जो निर्देशांक मिळाला, तो त्या जोडमनोऱ्यांत साठवला गेला. अभियंत्याने ते उत्तम उभे केले, याबद्दल वाद नाही. पण उभे काय करायचे, हे त्याला पुनर्वसनाच्या योजनेने सांगितले.

बोजा-वारा

अर्धी मान्यताही स्वीकारतो. फक्त एक पुस्ती जोडतो: उभे करण्यापेक्षा चालवत ठेवणे कठीण असते आणि त्याचा तक्ता कोणी भरत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या निधीत, टाकावी, असे म्हटले आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी संरचनात्मक परीक्षण करायचे असते. चार मजली इमारतीला परांची बांधून बाहेरून गिलावा दुरुस्त करता येतो. २८० मीटरवरची काच बदलायला गच्चीवरून पाळणा सोडावा लागतो, आणि त्या मापाची वक्र काच तीस वर्षांनी कोणता कारखाना बनवून देईल, हा प्रश्न आजच विचारायला हवा.

करीरोडकर

सावली यांनी मला व्यक्तिगत निरोपात विचारले होते की श्रीनिवास मिलच्या जमिनीतून कामगारांना काही मिळाले का. उत्तर सर्वांसाठी येथेच देतो. १ मार्च २०२० रोजी म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ३,८९४ घरांची सोडत काढली. त्यांतली बॉम्बे डाइंगच्या दोन जागांवरची वगळली तर श्रीनिवास मिलची ५४४ घरे होती. सोडतीसाठी अर्ज सुमारे पावणेदोन लाख होते. घराचे क्षेत्रफळ २२५ चौरस फूट. त्या इमारती आणि मनोरा एकाच मूळ जमिनीवर आहेत, आणि रस्त्यावरून दोन्ही एका नजरेत दिसतात.

माझ्या वडिलांची गिरणी वेगळी, त्यामुळे त्या सोडतीत आमचा प्रश्न नव्हता. त्यांच्या एका जोडीदाराला मात्र तेथे घर लागले. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ते खिडकीतून समोरचा मनोरा दाखवत म्हणाले की जेथे त्याची गाड्यांची वाट उतरते, तेथे पूर्वी आमचे वाइंडिंग खाते, म्हणजे सूत गुंडाळण्याचे खाते, होते. मग थोडे थांबून, नाही, त्याच्या अलीकडे, असे त्यांनी स्वतःलाच दुरुस्त केले, आणि आम्ही दोघेही बराच वेळ ती जागा निश्चित करत राहिलो.

सावली

एक्केचाळिसावा ताई, शेवटचा प्रश्न तुम्हाला. कांचनजंगाच्या गच्चीबद्दल वाचल्यावर विचारावेसे वाटले: तुमच्या घराला बाल्कनी आहे का आणि ती वापरली जाते का?

एक्केचाळिसावा

आहे. तीन फूट खोल आणि काचेच्या कठड्याची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आम्ही सकाळचा चहा तेथे घेतो. मेअखेरीस खुर्च्या आत आणतो आणि सरकत्या दाराच्या खाचेत जुन्या चादरीच्या गुंडाळ्या कोंबतो, कारण या उंचीवर पश्चिमेचा वारा भिंतीला आपटून वर वळतो आणि पाऊस त्याच्याबरोबर खालून वर येतो. बाल्कनीचे छत आतल्या बाजूने भिजते. पहिल्या वर्षी आम्ही वरच्या घरातून गळते आहे अशी तक्रार नोंदवली होती. पाहायला आलेल्या माणसाने वर न जाता बाहेर हात काढला आणि तळहात जमिनीकडे करून तो ओला झालेला दाखवला.